पन्नास मीटरची घंटी

फ्रान्समधली लुआर नदी पश्चिमेला वाहते, म्हणून ब्लुआहून सोम्यूरकडे जायचं ठरवलं ते मी. प्रवाहाबरोबर जायचं म्हणजे सगळा उतार, निम्मं पायडल नदीच मारणार, हे बायकोला पटवताना मी कागदावर आकृतीही काढली होती. आकृतीत वारा नव्हता. वारा तिथे बहुतेक दिवस अटलांटिककडून, म्हणजे नेमका आपल्या तोंडावर येतो. आणि उतार म्हणाल तर इतका नाजूक, की खुद्द नदीही जागोजागी वाळूच्या बेटांना टेकून 'आता कुठे जावं बरं' असा विचार करत बसलेली दिसते.

बायकोने बॅटरीची सायकल घेतली. मी घेतली नाही. भाड्याने सायकली देणारा पोरगा मला गिअर समजावू लागला, तेव्हा मी त्याला हातानेच थांबवलं. ''पुण्याचा आहे मी,'' असं इंग्रजीत सांगितलं. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ज्याची ख्याती होती त्या गावचा माणूस समोर उभा आहे, एवढं कळायला तेवढं पुरे होतं. त्याने आदराने मान डोलावली आणि माझी सीट दोन बोटं खाली केली.

पहिल्या दिवशी मला सतरा जणांनी मागे टाकलं. त्यात वयाने माझ्याहून लहान म्हणावेत असे पाचच. पैकी एकीच्या सायकलला बाजूची छोटी चाकं होती.

माझ्या मते दोष रस्त्याचा होता. रस्त्यावर काहीच नव्हतं. नेव्हेरजवळून निघून समुद्रापर्यंत जाणारी ही वाट जवळपास ९०० किलोमीटरची. काही ठिकाणी मोटारींना सरळ बंदीच, आणि उरलेली गावागावांतल्या अशा रस्त्यांवरून, जिथे मोटार येते तीच मुळी ओशाळून. पुरासाठी शेकडो वर्षांपूर्वी नदीकाठाने घातलेले मातीचे बांध आहेत, त्यांच्या माथ्यावरून तुम्ही चाललेले असता. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कुणाचा तरी भाजीचा मळा. अशा रस्त्यावर माझ्यासारख्याने दाखवायचं काय? पीएमटीची बस आणि फुटपाथ यांच्यातल्या दीड फुटातून मी हॅंडल न हलवता निघालेलो आहे. पुढची रिक्षा कुठे वळणार, हे रिक्षावाल्याच्या आधी मला कळतं. हे सगळं शिकून फलंदाज मैदानात उतरला, आणि समोर गोलंदाजच नाही!

त्यातून माझी खरी कोंडी झाली ती घंटीची. घंटीविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण हा विषय लोक फार वरवर घेतात. पुण्यात घंटी ही भाषा आहे. एकदाच 'ट्रिंग' म्हणजे 'मी आलोय'. दोनदा म्हणजे 'मी आलोय, आणि तुम्ही अजून तिथेच आहात'. सलग वाजवत राहणं म्हणजे 'ब्रेक लागत नाहीत'. अर्धवट दाबून काढलेला 'ट्र' हा ओळखीच्या माणसासाठी. दारात उभं राहून वाजवली तर 'खाली ये'. आणि संध्याकाळी ठरावीक खिडकीखालून जाताना वाजवली तर तिचा अर्थ त्या खिडकीला आणि तिच्या वडिलांना, दोघांनाही बरोबर कळायचा. आमच्या वेळी दुकानात सायकल नंतर आणि घंटी आधी पसंत करत. झाकण फिरवून, कानाजवळ धरून, आंबा पाहावा तशी.

फ्रान्सच्या कायद्याने घंटीची कदर केलेली आहे, हे मला ब्लुआतच कळलं. प्रत्येक सायकलला घंटी किंवा घुंगरू हवंच, आणि त्याचा आवाज निदान पन्नास मीटरवर ऐकू गेला पाहिजे. दुसरा कुठलाही भोंगा चालत नाही. घुंगरू! सायकलला! मी तर हरखलोच. नदीकाठाने बैलपोळ्यासारखे आवाज ऐकू येणार, अशी माझी कल्पना. पाच दिवसांत कुणी घंटी वाजवलेली ऐकली नाही. मागून येणारा हळू होतो, 'बाँझूर' म्हणतो आणि निघून जातो. पन्नास मीटरची घंटी देऊन ती न वाजवणारं हे राष्ट्र. माझ्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या.

शोमोंच्या पुढे एक म्हातारं जोडपं हातात हात घालून चाललेलं दिसलं. वाट चांगली दोन मीटर रुंद होती, तरी मी वाजवली. दोनदा. बिचारी दोघं दचकून गवतात उतरली, वर आजोबांनी माझीच माफी मागितली. मागून बायको आली. ''अहो, ती त्यांच्या नदीकाठी फिरतायत. तुम्ही सिंहगड रोडवर नाही.''

आंबुआझला लिओनार्दोने शेवटची तीन वर्षं काढली. त्याच्या वह्यांमध्ये सायकलीचंही एक चित्र सापडलं होतं, पण ते मागाहून कुणीतरी काढलेलं असावं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. ''त्याने काढली असती तर बॅटरी लावूनच काढली असती,'' असं बायको म्हणाली. मी वाऱ्यामुळे ऐकलं नाही.

तूर मागे टाकल्यावर चौथ्या दिवशी सकाळी एक आजोबा पुढे दिसले. ऐंशीच्या घरातले असावेत. कॅरियरला लांबलचक पाव बांधलेला, सायकल जुनी, वेग माझ्यासारखाच. म्हणजे मला ते एकदाचे मागे टाकता येणार होते. पण मी पाच-सहा मिनिटं त्यांच्या मागूनच चालवत राहिलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. खांदे ढिले होते. मान सरळ होती.

माझे वडील तीस वर्षं पेठेतून खडकीला कारखान्यात सायकलने गेले. निवृत्तीनंतरही मंडईत सायकलनेच जायचे. अडुसष्टाव्या वर्षी एक दिवस ते सायकल हातात धरून चालत घरी आले. पडले नव्हते, कुणी धडक दिली नव्हती. एका मोटारसायकलचा आरसा कोपराला नुसता चाटून गेला होता. सायकल जिन्याखाली लावून ते म्हणाले, ''आता नको.'' तेव्हा मी त्यांना समजावलं होतं. अंदाज घ्यायचा असतो बाबा, गॅप बघायची असते, ते एक तंत्र आहे. बरंच बोललो होतो. ते ऐकून घेत होते आणि कोपर चोळत होते. मी ज्याला तंत्र म्हणत होतो ती निव्वळ भीती होती, रोज वापरून गुळगुळीत झालेली. ती माझ्या अंगवळणी पडली, त्यांच्या पडली नाही, एवढाच आमच्यात फरक. शहराने एका माणसाची सायकल काढून घेतली आणि मी त्यालाच चालवायला शिकवत होतो.

आजोबा एका गावाकडे वळले. वळताना हात दाखवला, मागे पाहिलं नाही. मी 'बाँझूर' म्हणालो. वारा समोरूनच होता, त्यांना ऐकू गेलं नसावं.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. परत आल्यावर त्यांना फोटो दाखवले: राजवाडे, नदी, वाळूची बेटं, पांढऱ्या दगडाची घरं. त्यांनी एकच विचारलं.

''मागे बघावं लागत नाही?''

''नाही.''

त्यांनी जरा विचार केला. ''मग मान दुखत नसेल,'' म्हणाले.

त्यांची सायकल अजून जिन्याखालीच आहे. टायर बसलेत, साखळी गंजली आहे. परवा घंटी तेवढी वाजवून पाहिली. पन्नास मीटरचं सांगता येत नाही, पण वर बाबांच्या खोलीत ऐकू गेली. ''कोण आलंय?'' म्हणून त्यांनी विचारलं.