ठाऊकराव

‘ठाऊक आहे का?’ असं विचारणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं, हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. तो बिचारा ‘काय?’ म्हणतो आणि अडकतो. जुने रहिवासी ‘काय?’ म्हणत नाहीत. ते लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतात.

ठाऊकराव हे काही त्यांचं पाटीवरचं नाव नव्हे, पण पाटी वाचतो कोण? असे ठाऊकराव सगळीकडे असतात. कुणाच्या ऑफिसात असतात, कुणाच्या सासरी असतात. आमचे ठाण्याला आहेत, बी विंगमध्ये. ठाण्यात राहायला आल्याचा त्यांना अभिमान आहे, कारण देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला यायला. गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. ही नावं ते इतक्या जिव्हाळ्यानं घेतात की, ऐकणाऱ्याला ते त्यांचे चुलते वाटावेत.

माहिती असणं सोपं आहे. ती सांगायला निमित्त मिळणं कठीण. खरा ठाऊकराव इथंच ओळखू येतो. कच्च्या मडक्याचा माणूस भेटल्या भेटल्या माहिती अंगावर ओततो. आमचे ठाऊकराव दबा धरून बसतात. गप्पा पावसावर चालल्या असतील तर पावसावरून छत्रीवर, छत्रीवरून विसरण्यावर, विसरण्यावरून वेळेवर अशी वळणं घेत त्या ते आपल्या दारापर्यंत आणतात. कुणीतरी अजाणता ‘उशीर झाला’ म्हणतो, आणि तो शब्द जमिनीवर पडायच्या आत ठाऊकराव उचलतात.

सोसायटीची मीटिंग अकराची होती. हे आले अकरा एकोणचाळीसला. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. ते पाहणारच, याचा हिशेब करूनच बहुधा हे घरातून निघाले होते.

“मी वेळेवर आलोय. मुंबई टाइम.”

मग सगळ्यांना ऐकावं लागलं. देशाची एक प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, पण मुंबईनं आपली जुनी वेळ सोडली नाही. देशाचं घड्याळ एका वेळेला, मुंबईचं त्याच्या ३९ मिनिटं मागं. हा प्रकार थेट १९५५ पर्यंत चालला. इंग्रज गेले, घटना आली, निवडणुका झाल्या, आणि मुंबईची ३९ मिनिटं मागंच.

“आणि ३९ मिनिटं म्हणजे थोडाथोडका वेळ नाही. १८९६ साली इंग्रज आणि झांझिबारचा सुलतान यांचं युद्ध झालं, ते सुमारे ३८ मिनिटांत आटोपलं. म्हणजे मुंबईचं घड्याळ येऊन पोहोचेस्तोवर तिकडं युद्ध संपून एक मिनिट शिल्लक!”

“युद्ध आटोपतं हो,” सेक्रेटरी म्हणाले, “आपला पार्किंगचा विषय आटोपत नाही.”

पार्किंगचा विषय निघायला नको होता. दरमहा दोनशे रुपये वाढवायचे होते. ठाऊकरावांनी सभेला कळवलं की, इंग्लंडच्या राजानं पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न ठरवलं तेव्हा, १६६१ साली, मुंबई त्याला हुंड्यात मिळाली. त्या राजाला या बेटांचं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं देऊन टाकली. भाडं वर्षाला १० पौंड. अख्ख्या मुंबईचं.

“त्यात कव्हर्ड पार्किंग होतं का?” खजिनदारांनी विचारलं. दोनशे रुपये वाढले ते वाढलेच. पण माझ्या समजुतीप्रमाणे ठाऊकराव वाढ रोखायला आलेच नव्हते. ते कॅथरिनला घेऊन आले होते, तिला सभागृहात बसवून समाधानानं घरी गेले.

बाजारात मात्र त्यांना तोडीचं माणूस भेटतं. आमची भाजीवाली त्यांना ओळखून आहे. टोमॅटो फळ की भाजी हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, कारण बाहेरून येणाऱ्या भाजीवर जकात होती आणि फळावर नव्हती. न्यायालयानं १८९३ साली निकाल दिला की, शास्त्र काही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात खातात, फळासारखा नंतर खात नाहीत, तेव्हा भाजीच. हे सगळं त्यांनी तिच्या टोपलीसमोर उभं राहून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“झाला ना निकाल? मग साठ रुपये किलो. किती देऊ?”

ठाऊकरावांच्या माहितीनं कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, तसं वाईटही नाही. एकदाच प्रसंग जरा बाका आला होता. आषाढी एकादशीला शेजारच्या आजींनी त्यांना खिचडी खायला बोलावलं. चार घास खाऊन झाल्यावर (आधी नाही, एवढं तारतम्य आहे) ते म्हणाले, “आजी, ठाऊक आहे का, या बशीत उपवासाचं असं काहीच नाही.” साबुदाणा होतो कसावाच्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे सेलमला तो बनवायला लागले दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. बटाटा पेरूकडच्या डोंगरांतला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. मिरची मेक्सिकोकडची, आणली पोर्तुगीजांनी. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोहोचला नसता तर एकादशीला काय खाल्लं असतं? घरात शांतता पसरली. सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. आजींनी बशीत आणखी एक डाव वाढला.

“पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे रे बाबा. त्याच्या लेखी तुझा कोलंबस कालचा. खा.”

ठाऊकरावांनी खाल्लं. त्या दिवसापासून आजींविषयी त्यांना जो आदर आहे तो आणखी कुणाविषयी नाही.

त्यांचा अपमान करायचा असेल तर त्यांना खोटं ठरवायची गरज नाही. ‘हो, माहीत आहे’ एवढंच म्हणावं. चेहरा खर्रकन उतरतो. मोबाइल आल्यापासून त्यांच्यावर दुसरं संकट आलंय ते तपासणाऱ्यांचं. पोरं समोरच फोन काढतात आणि ‘थांबा काका, बघतो’ म्हणतात. माहिती खरीच निघते, पण ती निघेपर्यंत गप्पा पुढं गेलेल्या असतात, आणि ठाऊकराव मागच्या स्टेशनवर उभे. त्यांना तपासणीचं भय नाही, खोळंब्याचा राग आहे.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ते फॉरवर्डवाले नाहीत. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवलं, हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला की, ते खाली लिहितात, ‘युनेस्कोने असे काहीही जाहीर केलेले नाही.’ चीनची भिंत चंद्रावरून दिसते म्हणणाऱ्याला ते कळवतात की, चीनचाच पहिला अंतराळवीर २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आला आणि भिंत दिसली नाही म्हणाला. ग्रुपवर ते नावडते आहेत ते यामुळं. खरी माहिती लोक एकवेळ सहन करतात, पण सकाळी सकाळी आपल्या खोट्या माहितीला कुणी हात लावलेला चालत नाही. मला विचाराल तर त्या ग्रुपवर वाचण्यासारखं तेवढंच असतं.

वहिनींचं काय, असं तुम्ही विचाराल. वहिनींना सगळं पाठ आहे. हे बोलताना साल विसरले तर स्वयंपाकघरातून ‘पंचावन्न’ असा आवाज येतो. नवऱ्याचं बोलणं थांबावं म्हणून तो येत नाही. अडलं तर ते पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून येतो.

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे घरी आले तेव्हा मुलीनं बाबांकडून वचन घेतलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी पाळलंही. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आई कौतुकानं म्हणाली, “आमचा स्वयंपाक चांगला करतो हं.” ठाऊकरावांचा चहाचा कप हवेतच थांबला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

“स्वयंपाक येणारा माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही! अण्णा साळुंके हॉटेलात स्वयंपाकी होते. फाळक्यांनी त्यांना उचललं, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं. १९१३. आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच!”

मुलीनं कपाळाला हात लावला. मुलाचे वडील इतका वेळ गप्प बसून होते. त्यांनाही घरून तंबी मिळाली होती, हे नंतर उघड झालं. ते खुर्चीत पुढं सरकले.

“पण ‘राजा हरिश्चंद्र’ पहिला नव्हेच. तोरण्यांचा ‘पुंडलिक’. १८ मे १९१२.”

“ते नाटकाचं चित्रण हो! कॅमेऱ्यामागं जॉन्सन नावाचा इंग्रज. फिल्म धुवायला लंडनला!”

“म्हणून काय झालं? तारीख आधीची आहे.”

“थिएटर मात्र दोन्हींचं एकच.”

“कॉरोनेशन. गिरगाव.”

इथं दोघांचं एकमत झालं, आणि दोघेही थोडे हिरमुसले. मग टोमॅटो निघाला. पोरं तोवर गॅलरीत जाऊन लग्न, हॉल आणि भाड्याचं घर ठरवून परत आली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता रोज रात्री साडेनऊला व्याह्यांचा फोन असतो. तासभर चालतो. परवा मी तिथंच होतो. फोन ठेवून ठाऊकराव ताज्या उत्साहात वहिनींना म्हणाले, “ठाऊक आहे का, टेलिफोनच्या आधी फॅक्स आला! बेन नावाचा स्कॉटलंडचा घड्याळजी, १८४३ चं पेटंट. बेलचा टेलिफोन १८७६ चा. चांगली ३३ वर्षं आधी!”

वहिनी उशीचा अभ्रा बदलत होत्या.

“मग माणसांना तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं?”