घोड्याच्या चालीने बागान

म्यानमारमधल्या बागानला घोडागाडीच्या मागच्या गादीवर बसणाऱ्याचे तोंड उलट्या दिशेला असते. त्यामुळे देऊळ दिसते ते मागे पडल्यावरच. हळहळायचे मात्र कारण नाही; घोडा अशा बेताने चालतो की मागे पडलेले देऊळ बराच वेळ नजरेसमोरून हलत नाही. शेजारून ई-बाइकवरची तरणी मंडळी धुरळा उडवत सुसाट जातात आणि पुढच्या देवळाच्या दारात चपला शोधताना भेटतात.

देवळे दोन हजारांहून जास्त. अकराव्या ते तेराव्या शतकांत राजांनी आणि धनिकांनी पुण्य गाठीला बांधायला इरावतीच्या काठी ही विटांची दुनिया उभी केली. ‘सगळी उरकू’ म्हणणारा मराठी पर्यटक दुपारी यादीची घडी घालून खिशात टाकतो, कारण दर दारात चपलाच नव्हे, मोजेही काढावे लागतात. ट्रेकिंगचे बूट घालून आलेल्याचा निम्मा दिवस नाड्यांतच जातो. त्यात उन्हाने अंगण असे तापते की ध्यानस्थ व्हायला आलेले गृहस्थ सावलीपर्यंत टुणटुण उड्या मारत पोचतात. बागानमध्ये घाई दिसते ती एवढीच.

धम्मयांजी हे इथले सर्वांत अवाढव्य देऊळ. बापाचा खून करून गादीवर बसलेल्या नरथू राजाने ते बांधले. विटांच्या सांध्यात सुई शिरली की गवंड्याचा हात जायचा, अशी आख्यायिका आहे. सांधे बघितले की ती खरी वाटू लागते. आतली प्रदक्षिणेची वाट मात्र विटा-मातीने बुजवलेली. का, याचे कारण विचारावे तर प्रत्येक वाटाड्या वेगळे सांगतो, आणि तितक्याच ठामपणे.

मनुहा मंदिरात थोराड बुद्धमूर्ती कोंदट गाभाऱ्यात अक्षरशः कोंबल्या आहेत. ते बांधणारा मनुहा राजा कैदेत होता. आपली घुसमट त्याने अशी दाखवली म्हणतात. दर्शनाला गेलेल्यालाही मागे सरकायला जागा उरत नाही.

आनंद मंदिराची गोष्ट वेगळी. 1105 चे हे मंदिर. अलीकडच्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व खात्याचाही हात आहे. चार दिशांना चार उभे बुद्ध. दक्षिणेकडची मूर्ती दुरून हसते आणि जवळ जावे तशी गंभीर होत जाते. एक काका हे तपासायला पुढे-मागे, पुढे-मागे करत राहतात, मागे दर्शनाची रांग तुंबते.

“अहो, बस करा,” काकू म्हणतात. “तुम्ही जवळ आलात की कुणीही गंभीर होईल.”