अनवाणी जावई आणि राजूर घाट

"घट बसल्यापासून आमच्या जवाईबापूच्या पायात चप्पल नाई," काकूंनी कुंपणावरून सांगितलं, "आन् तसाच अनवानी मलकापूरहून गाडी चालवत येते. मले रात्री झोप नाई लागत बाप्पा."

आमचं कुंपण मेंदीचं. तीन प्लॉटांचा कोपरा जिथे जुळतो तिथेच ते वाढत नाही, कारण तिघांचीही कोपरं रोज तिथेच टेकतात. काकू घाटाखालच्या, माहेर नांदुऱ्याचं. तिसऱ्या प्लॉटातले भाऊ मेहकरकडचे, पक्के घाटावरचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. गाडीचा विषय निघाला की नळाचा पाईप तसाच वाहता टाकून ते येतात. बुलडाण्यात पाण्याची पाळी किती दिवसांनी येते हे ठाऊक असूनही येतात.

"लेकीनं मोबाइलवर आलेलं पाठवलं," काकू म्हणाल्या. "चप्पल घालून चालवली तरी दंड, अनवानी चालवली तरी दंड. मंग मानसानं पाय ठेवाव तरी कुठं?"

"ती अफवा जुनी आहे वहिनी," भाऊ म्हणाले. "१ सप्टेंबर २०१९ ला वाढीव दंडाचा कायदा आला ना, तेव्हाची. चप्पल घातली दंड, लुंगी नेसली दंड, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला दंड, पुढची काच मळली दंड. शेवटी गडकरी साहेबांच्या कार्यालयाला सांगावं लागलं, असं काही कायद्यात नाही, अफवांवर जाऊ नका. १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे, त्यात चालकाच्या पायात काय असावं याचं कलमच नाही. १८४ कलम आहे ते धोकादायक चालवण्याचं. ते बूट घातलेल्यालाही लागतं."

काकूंचा जीव निम्मा खाली आला. मी उगाच भर घातली, की चित्रकार एम. एफ. हुसेन, जन्माने पंढरपूरचे, १९६४ साली कवी मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेला गेले आणि तेव्हापासून त्यांनी पायताण सोडलं ते सोडलंच. पुढे १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने त्यांना अनवाणी म्हणून आत घेतलं नाही.

"मुक्तिबोध म्हंजे?"

"गजानन माधव मुक्तिबोध."

"गजानन? मंग बरोबर हाय," शेगावची वारी कधी न चुकवलेल्या काकू म्हणाल्या. "आन् थे क्लबवाले पोलिसापेक्षाही कडक म्हनायचे!"

भाऊंना हुसेनमध्ये रस नव्हता. त्यांनी थेट विचारलं, "जावई चप्पल घरी ठेवून येतात, की गाडीत काढून ठेवतात?"

"गाडीतच असते. पायापाशीच. उतरल्यावर कोनं इचारलं तं दाखवाले, का चप्पल हाय, पन घालत नाई."

"तेच! तेच मला पाहिजे होतं." भाऊंचा आवाज एकदम एसटी स्टँडवरच्या घोषणेइतका चढला. "उघड्या पायानं घात होत नाही वहिनी. घात होतो पायापाशी काढून ठेवलेल्या चपलेनं. मलकापूरहून येताना राजूर घाटात वळण आलं, चप्पल घसरली, ब्रेकच्या खाली गेली. आता दाबा ब्रेक! तो खाली जाणारच नाही. पाण्याच्या बाटलीचं तेच. पायाखालच्या रबरी चटईचं तेच. २००९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, टोयोटाच्याच लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची चटई घातलेली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला, तो सुटेचना. चार माणसं गेली. चालवणारा कोण, तर महामार्ग पोलिसातला अधिकारी. नवशिक्या नव्हता. कंपनीनं चटयांपायी ३८ लाख गाड्या परत बोलावल्या."

हे भाऊंना कुठून कळतं विचारू नये. निवृत्त माणसाजवळ दुपार असते.

"म्हंजे अनवानी चालवलं तं चालते?"

"चालतं म्हणजे असं..." भाऊंनी स्वतःची स्लिपर काढली आणि मेंदीच्या बुडाशी असलेल्या विटेवर पाय ठेवून दाखवला. "टाच खाली टेकलेली. पंजा ब्रेकवर, पंजाच ॲक्सिलरेटरवर, टाचेवर फिरायचं फक्त. उघड्या पायाला पेडल कळतं चांगलं, ते मी नाही म्हणत नाही. ही जी अंगठ्याची रबरी स्लिपर आहे ना, तिच्यापेक्षा उघडा पाय शंभर वाट्यानं बरा. स्लिपर दुमडते, तिची मागची कड पेडलच्या काठाला अटकते. पण उघडा पाय कोरडा पाहिजे. देवळात पाय धुतले आणि तसेच ओले येऊन बसले, की रबरावरून सटकला. घाम आला, सटकला. वावरातून आले, तळव्याला काळी माती, मग तर विचारूच नका."

"लेक म्हने, मोजे घाला. मोजे म्हंजे काही चप्पल नाई, नवस मोडत नाई."

"मोजे?" भाऊ अक्षरशः मागे सरकले. "सगळ्यात वाईट! तळवा निदान चिकटतो तरी. मोजा पेडलवरून सुळकन जातो. त्यापेक्षा कापडी बूट घाला म्हणा. काही लोक नवरात्रात फक्त चामडं वर्ज्य करतात."

"पायतान म्हंजे पायतान," काकूंनी निकाल दिला. देवीच्या बाबतीत पळवाट त्यांना खपत नाही. माझं मन मात्र कापडी बुटाकडे होतं. पातळ, सपाट, न घसरणाऱ्या तळाचा, टाचेमागून बांधलेला बूट; चालकाच्या पायाला याहून जास्त काही लागत नाही.

मग भाऊंनी घाट काढला. तो निघणारच होता. पेट्रोल वाचवायला काही शहाणे राजूर घाटात वरून निघतात ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन बंद करून. हल्लीच्या गाडीत ब्रेकला इंजिनकडून जोर मिळतो म्हणून तो लोण्यासारखा दबतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साठलेला जोर संपतो, आणि पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

"आता त्या दगडावर उघडा तळवा ठेवून पूर्ण जोर लावा बरं," भाऊ म्हणाले. "दुखतं, आणि दुखलं की पाय आपोआप ढिला पडतो. बुटाचा तळ असला तर सगळ्या पावलाचा जोर लागतो. जावयाला सांगा, गिअरमध्येच उतरायचं. चढताना जो गिअर, उतरताना तोच. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थडथड वाजलं तर घाबरायचं नाही, ते एबीएस असतं. उघड्या पायाला ते जास्त जाणवतं, माणूस दचकून पाय काढतो. काढायचा नाही."

"थो अष्टमीच्या आदी नागपूरले जानार हाय," काकू हळूच म्हणाल्या. "पोराले इथं सोडून. मेहकरहून समृद्धीवर."

भाऊ गप्प झाले. मग म्हणाले, "तिथं कारला १२० ची परवानगी आहे. १२० ला अर्धा सेकंद उशिरा पाय पडला तर गाडी सोळा मीटर पुढे गेलेली असते. एसटीच्या लांबीपेक्षा जास्त."

तिघांच्याही मनात एकच आलं असणार, कारण जिल्ह्यात ते अजून कोणी विसरलेलं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली. २५ माणसं गेली. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले.

"गाडी चालवताना अनवाणी राहा," भाऊ म्हणाले, "पण उतरायची वेळ आली तर काचांवर, तापल्या डांबरावर उतरावं लागतं. चप्पल गाडीत पाहिजेच. फक्त पायापाशी नाही, मागच्या सीटच्या खिशात. आणि कोरडा पंचा ठेवा, बसण्याआधी तळवे पुसायला."

काकूंनी मान हलवली. मग एकदम आठवल्यासारखं मी विचारलं, "अहो काकू, पण तुमच्या लेकीला लायसन आहे ना? तिचा तर नवस नाही. तिलाच चालवू द्या की नागपूरपर्यंत."

"हाय ना! माह्याच पैशानं शिकली थे, दोन वर्सं झाली. पन जवाई देत नाई तिच्या हाती."

"काहून?"

"थो म्हन्ते, थे उंच टाचेच्या सँडलीवर चालवते. काढ म्हनलं तं काढत नाई. म्हन्ते, अनवानी चालवनं डेंजर असते, मोबाइलवर आलं हाय."

भाऊ वळले आणि वाहता पाईप बंद करायला निघाले. नळापाशी पोचून तिथूनच ओरडले, "मग जावईच बरा वहिनी! अनवाणीच!"