मोरीशास्त्राची मूलतत्त्वे

मोरी एका दिवसात तुंबत नाही. एका दिवसात ती फक्त उघडकीला येते, आणि तो दिवस बहुधा घरी पाहुणे असण्याचा असतो. त्याआधी कित्येक महिने जाळीखाली सगळ्या कुटुंबाचे सामुदायिक कार्य निमूटपणे चाललेले असते.

या कार्याचा पाया केस घालतात. निरोगी माणसाचेही दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात आणि डोक्यावरून न्हायच्या दिवशी त्यांतले बरेचसे मोरीच्या वाट्याला येतात. केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा असल्याने तो पाण्यात विरघळत नाही आणि लवकर कुजतही नाही. एकाने जाळीखाली बस्तान बसवले की मागून येणारे सगेसोयरे त्यालाच बिलगतात. तारेने ओढून काढलेला तो काळा, बुळबुळीत गुंता पाहिल्यावर ‘आता काय करायचं’ असे कोणी विचारत नाही. ‘हे केस कोणाचे’ असे विचारतात. लांबीवरून संशय घरातल्या बायकांवर जातो आणि टक्कल पडलेले गृहस्थ निर्दोष सुटतात. वास्तविक त्यांचे केस गेले कुठे, याचा तपास आधी व्हायला हवा.

केसांच्या या जाळ्याला लिंपण करतो तो साबण. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला भेटले की न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. शिवाय खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते बाटलीत थिजते, तसे पाइपातही. त्यामुळे दिवाळी मोरीला सर्वांत जड जाते: अंगाला तेल, त्यावर उटणे, आणि हे चारचौघांचे पाठोपाठ. उटणे, शिकेकाई, मुलतानी माती यांची पूड विरघळत नाही, तळाशी बसते. उरलेली भर शाम्पूच्या पुडीचा दाताने तोडलेला कोपरा, भिंतीवरून निसटलेली टिकली आणि अंग घासायच्या काथ्याचे धागे घालतात.

हे सगळे अडते जाळीखालच्या भांड्यात. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि गटाराचा वास व झुरळे घरात येऊ देत नाही. मात्र वास अडवणारे वळण कचराही अडवते. कोकणातल्या जुन्या घरांत ही भानगडच नव्हती. न्हाणीचे पाणी उघड्या पन्हळीतून परसातल्या केळी-अळूला जाई, केसांसकट. केळीने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

शॉवरने प्रकरण आणखी बिघडवले. बादलीतले उरलेले पाणी भसकन ओतले की ट्रॅपमधला गाळ निदान हलतो; शॉवरची बारीक धार गाळ आणून पोचवते, पुढे नेत नाही. म्हणून शॉवरवाल्यांनीही आठवड्याला एक भरलेली बादली एकदम ओतावी.

खरा उपाय मात्र मोरीच्या बाहेरच होतो. न्हाण्याआधी केस विंचरले की सुटलेले केस गुंतवळ होऊन हातात येतात. गल्लोगल्ली गुंतवळाच्या बदल्यात भांडी देणारे फिरतात, म्हणजे मोरीत जाणाऱ्या या मालाला बाजारभावही आहे. जाळीवर बारीक भोकांची दुसरी जाळी ठेवावी, आणि आंघोळ झाल्यावर तिच्यावरचे केस ज्याचे त्याने उचलावेत. ‘पाणी लवकर जातं’ म्हणून जाळीच काढून ठेवणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याच्यावर नजर ठेवावी. आठवड्यातून एकदा जाळी उचलून कडा जुन्या टूथब्रशने घासाव्यात. हे काम पाच मिनिटांचे असते. कोणी करायचे यावरची चर्चा त्याहून लांबते.

उकळते पाणी ओतू नये: केस त्याला दाद देत नाहीत, पीव्हीसीचा पाइप मात्र मऊ पडतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला जोरकस असतो, पण दोघे एकमेकांनाच संपवतात आणि केस जागच्या जागी राहतात. कॉस्टिक सोडा केस खातो, हे खरे. तो पाण्यात पडताच जबर तापतो आणि कातडीही खातो, हेही खरे. संडास धुवायचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नये; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

घर महिनाभर बंद राहिले, तर ट्रॅपमधले पाणी आटते आणि परतल्यावर दारात गटाराचा वास स्वागताला उभा असतो. निघताना मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडेतेल ओतावे. तवंगामुळे पाणी सावकाश आटते. तेलाला वर एवढी नावे ठेवल्यानंतर हे लिहिणे अवघड जाते, पण खोबरेल सोडून कोणतेही चालेल.