एका वेळी एकच सूर: नगरकरांसाठी बेस सिंथेसायझर खरेदीची मार्गदर्शिका

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, दहा बाय दहाची खोली आहे आणि आपल्या गाण्यात काहीतरी कमी पडतंय अशी शंका आहे, अशा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या होतकरू संगीतकारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. कमी काय पडतंय, चाल, शब्द की रियाज, याच्या खोलात शिरू नये. बेस कमी पडतोय असं मानून चालावं. बाकीच्या गोष्टी कमवाव्या लागतात, बेस विकत मिळतो.

1. पात्रता

अर्जदारानं पूर्वी ‘कॅसिओ’ वाजवलेला असावा. आपल्याकडे पट्ट्या असलेलं आणि विजेवर चालणारं प्रत्येक वाद्य कॅसिओच असतं, त्यावर नाव कोणत्याही कंपनीचं असो. बेस सिंथेसायझर घरी आल्यावर त्यालाही कॅसिओच म्हटलं जाईल. वाद घालू नये.

अर्जदारांचे दोन गट पडतात. प्रवरेच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या उसाला मिळतं ते उत्तरेकडचे, आणि पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे आभाळाकडे बघत बसणारे ते दक्षिणेकडचे. उत्तरेकडच्यांनी कारखान्याचं बिल जमा होईपर्यंत थांबावं. दक्षिणेकडच्यांनी कशासाठीच थांबू नये, कारण थांबून काही होत नाही हे त्यांना एव्हाना कळलेलं असतं.

2. घरच्यांचं ना हरकत प्रमाणपत्र

हा कागद सगळ्यात अवघड. आपण घेणार ती बहुतेक यंत्रं ‘मोनोफोनिक’ असतात, म्हणजे त्यांच्यातून एका वेळी एकच सूर निघतो. ही माहिती घरी कळली की संभाषण साधारण असं होतं:

“एका टायमाला किती सूर वाजत्यात?”

“एक.”

“आन् आपल्या पेटीत?”

“जेवढी बोटं ठेवाल तेवढे.”

“मग पेटीला काय धाड भरली व्हती?”

या प्रश्नाला सशास्त्र उत्तर आहे: खालच्या सुरांची गर्दी झाली की सगळा चिखल होतो, म्हणून बेसला एका वेळी एकच सूर पुरतो. पण हे उत्तर देऊन आजवर कुणाला पैसे मिळालेले नाहीत. त्याऐवजी इतिहासाचा दाखला द्यावा.

जपानच्या रोलँड कंपनीनं 1981 च्या अखेरीस टीबी-303 नावाची छोटी चंदेरी पेटी बाजारात आणली. एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बेसवाला मिळावा, हा हेतू. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा अजिबात नव्हता, सूर भरायची रीत डोकं उठवणारी होती, आणि जेमतेम 10,000 नग काढून 1984 मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं. पण त्याआधीच, 1982 मध्ये, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हीच पेटी, सोबत रोलँडचंच टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं ती तबकडी काढली. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटानं त्याच 303 च्या खुंट्या पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढली आणि नाचाच्या संगीताची एक नवी शाखा जन्मली. सिंग यांचं काम 2010 मध्ये पुन्हा प्रकाशित झालं तेव्हा जग थक्क झालं: हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून गेला होता!

दाखला देताना इथेच थांबावं. निघाली तेव्हा ती तबकडी फारशी कुणी विकत घेतली नाही, हे घरी सांगण्याची आवश्यकता नाही.

3. खोलीची तपासणी

यंत्र निवडण्याआधी खोली मोजावी, कारण बेस यंत्र कमी वाजवतं आणि खोली जास्त. बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर सुमारे 41 हर्ट्झचा. हवेत त्याची एक लाट आठ मीटरहून लांब असते. तुमची खोली तीन मीटरची. म्हणजे लाट खोलीत मावत नाही, दारातून अंगणात जाते आणि शेजाऱ्याच्या ओसरीत पुरी होते.

शिवाय दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंती साधारण 56 हर्ट्झला घुमतात. हा सूर खर्जातल्या पांढरी सहाच्या अगदी जवळचा. त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत पांढरी सहा दाबली की आपण मोठे कलावंत आहोत असं वाटतं, आणि पांढरी चार दाबली की यंत्र बिघडलं असं वाटतं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. छतही दहा फुटांवर असेल तर तिसरी जोडीही त्याच सुरात सामील होते.

भिंतीवर गोधडी टांगावी असा सल्ला मिळेल. गोधडीनं झांजेचा, टाळीचा आवाज मरतो. बेस गोधडीला दाद देत नाही. जाड गाद्यांची चळत कोपऱ्यात उभी केल्यास थोडा फरक पडतो. पाहुणे आले की तो फरकही जातो.

अंतिम चाचणी स्वयंपाकघरात करावी. मधलं दार उघडं ठेवून एकेक सूर खालपासून वर वाजवत जावा आणि कुणाला तरी मांडणीसमोर उभं करावं. एका ठरावीक सुराला स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणू लागतात, त्याच्या पुढच्या सुराला गप्प होतात, आणि मग पिंपावरचं झाकण सुरू होतं. कोणत्या भांड्याचा कोणता सूर, हे वहीत लिहून ठेवावं. रात्री दहानंतर तेवढे सूर टाळावेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ताटल्यांसाठी वेगळी सूट नाही.

4. अर्थिंग

आपली वीज 50 हर्ट्झची आहे. खर्जातली पांढरी पाच आहे 49 हर्ट्झची. याचा अर्थ, अर्थिंग नीट नसलेल्या घरात स्पीकर चालू करताच जो अखंड गुणगुणाट येतो, तो पांढरी पाचच असतो, किंचित चढा. उपाय दोन.

पहिला उपाय तात्त्विक: ॲनालॉग यंत्राला ट्यूनिंगची खुंटी असते. ती जराशी वर फिरवून यंत्र लाइनीशी मिळवून घ्यावं आणि सगळी गाणी पांढरी पाचातच बांधावीत. तंबोऱ्याचा खर्च वाचतो.

दुसरा उपाय व्यावहारिक: लॅपटॉपचा चार्जर, स्पीकर आणि सिंथेसायझर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत. वेगवेगळ्या भिंतींतल्या बोर्डांवर लावले की त्यांच्या अर्थिंगमधून वेटोळं तयार होतं आणि गुणगुण वाढते. प्लगची वरची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या भोकात कोंबायची आपली पिढीजात कला इथे दाखवू नये. ती पिन गाण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे. अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर वायरमनकडून मीठ-कोळसा घालून घ्यावा आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. दक्षिणेकडच्या तालुक्यांत ही बादली टँकरच्या पाण्यातून काढावी लागेल. बेस स्वच्छ यावा म्हणून प्यायचं पाणी जमिनीत ओततोय, हे कुणाला समजावून सांगायच्या फंदात पडू नये.

5. यंत्रांची ओळख

*कोर्ग व्होल्का बेस.* 2013 चं यंत्र. जाड पुस्तकाएवढं, तीन ॲनालॉग ऑसिलेटर (सूर उत्पन्न करणारे भाग), 16 पायऱ्यांचा सीक्वेन्सर (भरून ठेवलेले सूर क्रमानं वाजवणारा), पोटातच छोटा स्पीकर. सहा पेन्सिल सेलवर चालतं. त्यामुळे लाइट गेली तरी संगीतसाधना खंडित होत नाही, आणि सेलवर असताना अर्थिंगचा विषयच मिटतो. दोष: पट्ट्या खऱ्या नाहीत, बोट नुसतं टेकवायचं असतं. जाड बोटाच्या माणसाचे सूर शेजारच्या घरात पडतात.

*बेरिंजर टीडी-3.* 2019 मध्ये आलेली 303 ची नक्कल. मूळचं यंत्र आज संग्राहकांच्या हातात गेलं आहे, म्हणून ही. सूर भरायची जुनी कटकटीची रीतही इमानानं जपलेली आहे. ज्यांना एकच आवाज हवा आणि तो हाच, त्यांच्यासाठी.

*नोव्हेशन बेस स्टेशन 2.* हेही 2013 चं. 25 खऱ्या पट्ट्या, दोन ऑसिलेटर आणि एक सब-ऑसिलेटर, आवाज साठवून ठेवायची सोय. पेटीवर हात बसलेल्यांना सोयीचं. घरच्यांना पट्ट्या दिसतात, त्यामुळे कॅसिओ घेतल्याचं समाधान मिळतं.

*मूग मिनिटॉर.* 2012 चं. 1970 च्या दशकात पायानं वाजवायचं टॉरस नावाचं मूगचं यंत्र होतं, त्याच्या आवाजाचा हा वारस. पट्ट्या नाहीत, नुसत्या खुंट्या. वाजवायला वेगळा कीबोर्ड लागतो. आवाज असा की हाडात उतरतो. ऊस असलेल्यांनी विचार करावा.

कोणतंही घेतलं तरी ॲडॅप्टरची ध्रुवता तपासावी. काही यंत्रांना मधली पिन धन लागते, काहींना ऋण. घरातला वायफायचा ॲडॅप्टर ‘बसतो की’ म्हणून लावू नये. बसण्याचा आणि चालण्याचा संबंध नाही.

6. हवामान

ॲनालॉग यंत्रात सूर विजेच्या दाबावर ठरतो आणि त्यातले भाग तापमानानं हलतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. सप्ताहात भजनाला बसणारा पखवाजवाला डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो. कणीक सुकत गेली की आवाज वर चढतो, मग तो पाण्याचा हात लावतो आणि पुन्हा मिळवतो. मधे कुणी तक्रार करत नाही. सिंथेसायझरचंही तेच: चालू करून वीसेक मिनिटं तापू द्यावा आणि मग सुरात लावावा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी रेकॉर्डिंग करू नये. फक्त पाण्याचा हात मात्र लावू नये.

7. पोच आणि पडताळणी

पुण्याहून आणल्यास शिरूर-सुप्यामार्गे येताना यंत्र मांडीवर घ्यावं. टपावर, डिकीत किंवा सीटखाली नको. घरपोच मागवल्यास पत्त्यात अहमदनगर आणि अहिल्यानगर दोन्ही लिहावं. नाव 2024 मध्ये बदललं, पण संगणकांना अजून सवय व्हायची आहे. पिनकोड ठळक लिहावा, नाहीतर पार्सल अहमदाबादला जाईल. सिंथेसायझरला ती वाट नवी नाही: 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचं यंत्र बसवलं होतं. आपल्याकडे अजून कुणी बसवायला आलेलं नाही. स्वतःच बसवायचं आहे.

यंत्र आल्यावर गाणं करून मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवाल. त्यांना बेस ऐकूच येणार नाही. मोबाइलचा स्पीकर इतक्या खालचे सूर वाजवतच नाही. एवढ्या खर्चातून त्यांच्यापर्यंत पोचते ती टिकटिक. इलाज आहे: गुळगुळीत लाटेऐवजी करवती लाट निवडावी, फिल्टर थोडा उघडावा, आवाज किंचित खरखरीत करावा. त्यानं वरचे उपस्वर तयार होतात आणि गाळलेला मूळ सूर कान स्वतःच्या हिशेबानं भरून काढतो. इतकं चांगुलपण माणसाच्या कानात आहे, त्याचा फायदा घ्यावा.

8. निकाल

दहा बाय दहाची खोली, भरवशाची नसलेली लाइट आणि एका सुरावर नाराज असलेलं घर, एवढ्या भांडवलावर व्होल्का बेस घ्यावं. पट्ट्यांशिवाय करमत नसेल तर बेस स्टेशन. स्पीकरऐवजी एक बरा हेडफोन. खोलीचा, ताटल्यांचा आणि शेजाऱ्यांचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. अर्थिंग आधी, यंत्र नंतर.

आणि यंत्र जुन्या बाजारात विकायला काढण्याआधी त्यावर एक तरी गाणं पुरं करावं. जाहिरातीत ‘फारसं वापरलेलं नाही’ असं लिहिलेली यंत्रं आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त झाली आहेत.