अखिल एनसीआर गोधडी उपसमिती

(रंगमंचावर शिवणाचं मशीन, चिंध्यांचं गाठोडं, मागे कागदी आराखडा. साठी ओलांडलेल्या बाई येतात. गळ्यात मापाची टेप, कानावर खडू.)

बसा, बसा. मोबाईल सगळ्यांनी बंद करा. माझा चालू राहील. लेकीला नववा महिना लागलाय.

मी केंद्र सरकारातून निवृत्त. मुक्काम नोएडा. हयात गेली फायलींना टॅग ओवण्यात, त्यामुळे सुईदोऱ्याचा अनुभव दांडगा. लेक गुरुग्रामला, सासर रोहतकचं. आता पहिलं बाळंतपण म्हणजे आपल्याकडे बाळंतविडा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि गोधडी. त्यांच्याकडे माहेरहून 'छूछक' जातो. त्यात बाळाला कपडे, बाळाच्या आईला कपडे, आजीला, काकाला, आत्याला कपडे... बाळंतविडा बाळाचा असतो हो, छूछक खानदानाचा असतो!

ह्यांना म्हटलं, "छूछकाचं तुम्ही बघा. मी गोधडी शिवते, प्राण्यांची." छत्तीस बाय पंचेचाळीस इंच. हत्ती, जिराफ, सिंह. आराखडा काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नुसता 'माहितीस्तव' टाकला हो! पण दिल्लीत माहितीस्तव गेलेल्या कागदावरच सगळ्यात जास्त शेरे येतात.

पहिला शेरा रोहतकहून. विहीणबाई. (पदर डोक्यावर घेऊन, आवाज चढवून) "समधन जी! यो जिराफ किसका सै? म्हारे हरियाणे मैं तो काला हिरण सै!"

खरं आहे. काळवीट हा हरियाणाचा राज्यप्राणी. लगेच करोल बागेतून आमचे दीर. (चष्मा सावरत) "वहिनी, दिल्लीचा प्राणी नीलगाय. राजधानीला डावलून कसं चालेल?" मग शेजारच्या टॉवरमधले एक जण, ज्यांचा या बाळाशी काडीचा संबंध नाही, ते लिफ्टमध्ये म्हणाले, "भाभीजी, आप यूपी में रहती हैं. यूपी का तो बारहसिंगा है." आणि आमचे हे, आयुष्यभर ज्यांनी घरात कशावर मत दिलं नाही, ते पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "महाराष्ट्राचं शेकरू."

(थांबून) झालं! हत्ती, जिराफ, सिंह तिघांच्या बदल्या.

पण यात नवल काय? राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, एनसीआर, म्हणजे हेच. 1985 साली संसदेने कायदा करून एक नियोजन मंडळ नेमलं. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, चौघांनी एकत्र बसून ठरवायचं. त्याच 1985 साली तिकडे भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं. इथे माणसांसाठी मंडळ, तिथे शेकरूंसाठी जंगल. शेकरूंचं बरं चाललंय.

राजस्थानचा अलवर जिल्हाही एनसीआरमध्ये येतो. पण अलवरात आपलं कुणी नाही, म्हणून उंट वाचला. नाहीतर मान पांघरुणाबाहेर गेली असती.

सर्वात कठीण प्रकरण नीलगायीचं. दिरांनी नाव काढलं आणि विहीणबाई फोनवर कडाडल्या, "नीलगाय? म्हारे खेत खा जा सै! उसनै पालने मैं सुवाऊँगी?" त्यांना पाठिंबा कुणाचा? समोरच्या फ्लॅटमधल्या मुजफ्फरपूरच्या काकींचा. त्या म्हणाल्या, "हमरे यहाँ भी फसल खा जाती है." आणि त्यांचं म्हणणं दप्तरी नोंदलेलं आहे! 2015 साली केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगायीला उपद्रवी प्राणी ठरवलं होतं. दिरांना पुरावा दाखवला. दीर म्हणाले, "मग दिल्लीला काय?" म्हटलं, दिल्लीला चिमणी घ्या. 2012 पासून तुमचा राज्यपक्षी आहे. बाळाची पहिली गोष्ट चिऊताईचीच असणार. दीर खूश. जागाही कमी लागते.

लेक म्हणाली, "आई, एक माकड तरी?" म्हटलं, माकड इथे शिवायचं नसतं, हाकलायचं असतं. 2023 च्या जी-20 ला पाहुणे येणार म्हणून नवी दिल्लीत रस्तोरस्ती लंगुरांची चित्रं उभी केली होती, माकडं घाबरावीत म्हणून!

(गाठोडं सोडत) आता माल. दिल्लीत चिंध्यांचाही बाजार असतो. मंगोलपुरीला कतरन मार्केट. एक्स्पोर्टच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे, किलोवर. दुकानदार म्हणाला, "माताजी, क्या बनाना है?" म्हटलं, बारशिंगा. त्याने वळूनही न बघता चॉकलेटी ढीग दाखवला. दिल्लीत कशालाच कुणी दचकत नाही.

दुसरा बाजार रघुबीर नगरचा. भांडी देऊन घरोघरचे जुने कपडे घेणाऱ्या बायका, आपल्या बोहारणीच हो, पहाटे अंधारात तिथे कपडे विकायला बसतात. नाव घोडा मंडी. मी सगळीकडे शोधलं, औषधालाही घोडा नाही! मिळाला असता तर मध्यभागी घेतला असता. घोडा कुठल्याच राज्याचा नाही, भांडण मिटलं असतं.

मधल्या थराला मात्र आईचं नऊवारी. सुती, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. (उलगडते) नव्या कापडाला ही माया येत नाही. मुजफ्फरपूरच्या काकी म्हणतात, त्यांच्याकडे सुजनी. तीही जुन्या साड्यांची, धावदोऱ्याची, नवजात बाळाला गुंडाळायला. त्या सुजनीला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या आज्यांनी एवढ्या गोधड्या घातल्या, त्यांना मानांकन मिळालं "डोळे बिघडतील" एवढंच.

काम तसं सरळ. कापड आधी धुवायचं, नाहीतर आटतं आणि लाल तुकडा रंग सोडून शेजारच्या हरणाला गुलाबी करतो. प्राणी कापताना चहूबाजूंनी पाव इंच जास्त, कडा आत दुमडायच्या, कच्चा टाका, मग बारीक तुरपाई. ठिगळंच ती, पण सन्मानाची. शेवटी तिन्ही थर धरून धावदोरा, कडेकडेने आत आत.

शेकरू सोपं, शेपटी सोडली तर. बारशिंगा? शिंगांच्या फाट्यांना दुमडायला कापडच उरत नाही! मी शिंगं साखळी टाक्याने भरली. लिफ्टवाले गृहस्थ म्हणाले, "ग्यारह ही हैं." (सुई रोखून) मोजत बसले होते!

आणि डोळे? विहीणबाईंनी चमचमती बटणं पाठवली. परत पाठवली. बटण सुटतं आणि बाळाच्या तोंडात जातं. डोळे दोऱ्याचेच भरायचे.

मग भांडण उरलं एकच: मध्यभागी कोण? चार प्राणी, एक मध्य. फाईल आठवडाभर 'विचाराधीन'. शेवटी लेकीच्या डॉक्टरांकडे विषय काढला. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरच्या पलीकडचं धूसरच दिसतं. आणि आधी कळतो तो गडद-फिकट फरक. काळंपांढरं ठेवा."

(स्तब्ध. मग हळूच) काळंपांढरं. वरून काळा, पोटाशी पांढरा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. कोण? (पदर डोक्यावर) "मन्नै तो पहल्यां ए कह्या था, समधन जी!"

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "आणि हो, वर्षाचं होईपर्यंत झोपताना पाळण्यात सैल पांघरूण नको. उशी नको, मऊ खेळणी नकोत. गोधडी जमिनीवर अंथरा, बाळ जागं असताना पालथं खेळवा, जवळ बसून."

म्हणजे ज्या पांघरुणासाठी तीन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश भांडले, ते पहिलं वर्षभर पांघरायचंच नाही! हे पेपरातून म्हणाले, "अंथरुण म्हणून मंजूर." निवृत्त मी झालेय आणि सही हे करतायत.

(गोधडी पसरून दाखवते.) मध्यभागी काळवीट. वर चिमणी, डावीकडे शेकरू, उजवीकडे अकरा फाट्यांचा बारशिंगा.

तेव्हा मंडळी, घरात कुणाला दिवस गेले असतील तर प्राण्यांवरून खुशाल भांडा. पण जुनी सुती साडी बोहारणीला देऊ नका. डोळ्यांना बटण लावू नका. आणि विहिणीचा प्राणी मध्यभागी ठेवा. छूछक निम्म्यात निघतो!

(नमस्कार. पडदा.)