पहिल्या रांगेत मी

शर्यत शेवटच्या वळणावर जिंकतात, असं सांगणारे बहुतेक लोक सुरुवातीला मागे राहिलेले असतात. माझं मत उलट आहे. इशारा झाल्यावर पहिल्या शंभर मीटरांत जो पुढे असतो तोच खरा रायडर. बाकी सगळं पेट्रोल आणि नशीब. शंभर मीटरांनंतर माझ्या गाडीला फारसं काही जमत नाही, याचा या मताशी काडीचाही संबंध नाही.

आमच्या मुलचेरा तालुक्यात रेसट्रॅक नाही, सिग्नल नाही. रेल्वेचं फाटक पाहायचं तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला वडशाला जावं लागतं. पण लगामजवळ हायवेला लागलं आणि रस्त्याचं काम सुरू असलं, की एकच बाजू चालू ठेवतात आणि एक मजूर लाल-हिरवी झेंडी घेऊन उभा राहतो. ट्रक थांबतात, जीप थांबतात आणि आम्ही दुचाकीवाले फटीफटीतून सरकत सगळ्यांच्या पुढे जाऊन एका ओळीत उभे राहतो. याला दुसऱ्या देशांत स्टार्टिंग ग्रिड म्हणतात आणि तिकीट लावतात. त्या ग्रिडवर मी नागपूरहून आणलेलं काळं जॅकेट घालून उभा असतो. मे महिन्यातसुद्धा. घाम येतो, पण रायडरला येतोच.

अभ्यास मी मोबाइलवर मोटोजीपी पाहून केला. तिथे लाल दिवे लागतात आणि दोन ते पाच सेकंदांत कधीही विझतात. नजर दिव्यावर ठेवायची, शेजाऱ्यावर नाही. क्लच जिथे पकडायला लागतो तिथवर आणून बोटांवर तोलून धरायचा, रेस एका जागी ठेवायची आणि छाती टाकीवर झुकवायची, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. यातली शेवटची गोष्ट मला उपजतच येते. मी ताठ बसलो तरी पोट टाकीवर असतं. दानी पेद्रोसा हा स्पॅनिश रायडर सुरुवातीसाठी नावाजलेला. त्याचं वजन होतं 51 किलोच्या आसपास, म्हणजे तांदळाचं एक पोतं आणि वर किलोभर. माझं दीड पोतं भरतं, शिवाय डबा. डुकाटीने तर शर्यत सुटताना सस्पेन्शन दाबून गाडी खाली बसवणारी युक्तीच काढली. मग बाकीच्यांनीही ती उचलली, आणि आता 2027 पासून तिच्यावर बंदी येते आहे. माझ्या गाडीचे मागचे शॉकअप केव्हाचेच कायमचे खाली बसले आहेत. ते तपासायला अजून कोणी आलेलं नाही.

आमच्या झेंडीवाल्याचं मात्र दोन ते पाच सेकंदांत भागत नाही. मध्येच त्याला घरून फोन येतो. समोरच्या बाजूचा शेवटचा ट्रॅक्टर रमतगमत येतो. तोवर मी क्लच तोलून धरलेला. शेवटी मिस्त्रीने गाडी उघडली, काळ्या पडलेल्या क्लचप्लेट हातात घेतल्या आणि विचारलं, “काजी सर, गाडीनं नांगरता का?”

गाडी सुरू करण्याचा विषय निघालाच आहे, तर धक्क्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण 1986 पर्यंत जागतिक ग्रां प्रीच्या शर्यती धक्का स्टार्टनेच सुरू होत. इंजिन बंद. रायडर गाडीच्या बाजूला उभा. इशारा झाला की हँडल धरून पळत सुटायचं, गाडीला वेग आला की सीटवर एका अंगाने उडी टाकायची, क्लच सोडायचा, इंजिनाने खोकून दाद दिली की मग पाय पलीकडे. दाद नाही दिली तर मागून येणारे अंगावर. म्हणूनच 1987 पासून इंजिन चालू ठेवून शर्यत सुरू होऊ लागली. फ्रेडी स्पेन्सरने 1985 मध्ये 250 आणि 500 सीसी अशी दोन्ही विजेतेपदं एकाच मोसमात मिळवली, ती असं गाडीबरोबर पळून. जाणकार रायडर इशाऱ्याआधी गिअर टाकून गाडी हळूच मागे ओढत. पिस्टन दाबाला टेकला, की पुढे पळायला तेवढी मोकळी जागा मिळे. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. आमच्या वडिलांना ग्रां प्री हा शब्द माहीत नव्हता, पण राजदूत ते नेमकी अशीच मागे ओढत. म्हणजे जगाने 1987 साली टाकून दिलेली विद्या आमच्या जिल्ह्याने थंडीच्या सकाळी आजतागायत जपली आहे. पुण्याच्या फिरोदियांनी 1972 मध्ये लूना आणली. तिला पायडल होतं, त्यामुळे तिच्या मालकांना शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावे लागत नसत. राजदूतवाल्यांना ठेवावे लागत.

आमच्याकडे शेजाऱ्यांआधी आई होती. पदर खोचून ती धक्का मारायची. राजदूत फटफटली की वडील एक हात वर करून वळणाआड. थांबले असते तर गाडी पुन्हा बंद पडली असती, त्यामुळे त्यांना मागे वळून आभार मानण्याची सोय नव्हती. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. आई धुरात उभी राहायची आणि हात झटकून चुलीकडे जायची. ग्रां प्रीत ढकलणारा आणि बसणारा माणूस एकच असायचा. संसारात ते दोन असतात, आणि विजेतेपदाच्या यादीत नाव एकाचंच येतं.

असो. तर ग्रिडवर माझ्या शेजारी नेहमी एक मासेवाला असतो. तालुक्यातल्या बंगाली वसाहतीतला; मागे थर्माकोलची पेटी बांधलेली टीव्हीएस एक्सएल. अंगात बनियन, पायात स्लीपर. हिरवी झेंडी वर गेली, की मी क्लच, रेस, छाती आणि नजर यांचा मेळ घालेपर्यंत तो पुढच्या मोरीवर पोचलेला असतो. त्याच्या गाडीला क्लचचा दांडाच नाही. मूठ पिळली की आतला क्लच आपोआप पकडतो. कोट्यवधींच्या रेसगाड्यांत जे लाँच कंट्रोल बसवतात, त्याचा हा खेड्यातला चुलतभाऊ. त्याच्या सुरुवातीचं रहस्य मी एकदा विचारलंच. तो म्हणाला, “सर, बर्फ पघळते ना.”

चहाच्या टपरीवर शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, शौकीन असलेले एक आजोबा बसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पट बंद केले तेव्हा ते खचले होते. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, तेव्हा पुन्हा ताठ झाले. जोडी सुटताना कोणता बैल खांदा चोरतो हे त्यांना लांबून कळतं. त्यांनी मला जॅकेटसकट निरखलं, मग गाडी निरखली आणि निकाल दिला, “जोडी म्हातारी हाय.”

पण एक गोष्ट त्या आजोबांनाही मान्य आहे. इथे पुढे सुटण्याची धडपड निव्वळ हौसेची नाही. आमच्या मागे उभे असतात ते सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज नेणारे ट्रक. झेंडी पडल्यावर जो त्यांच्या मागे राहतो तो मैलोन्‌मैल लाल धूळ खातो आणि खड्डा दिसेपर्यंत खड्ड्यात असतो. जगात पहिला येणाऱ्याला करंडक देतात. या रस्त्यावर त्याला श्वास घ्यायला हवा मिळते. आमच्या शाळेतली पोरं याच रस्त्याने बापाच्या मागे बसून येतात, तोंडाला रुमाल, डोक्याला काही नाही. वर्गात शिरताना त्यांच्या पापण्या तांबड्या असतात. त्यांच्या बापांनी सुरुवात सुधारावी, हा त्यावर उपाय असू शकत नाही. डोंगर फोडून नेता येतो, तर रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणीही मारता येतं, आणि शाळेच्या वेळेत ट्रक तासभर थांबवताही येतात. त्याला लाँच कंट्रोल लागत नाही.

तेवढं होईपर्यंत माझा निकाल ऐका. ज्याच्या पेटीत बर्फ आहे आणि ज्याच्या मागे शाळकरी पोर बसलं आहे, त्याला पहिली रांग द्यावी. ज्याच्याकडे नुसतं जॅकेट आहे, त्याने धूळ खाली बसेपर्यंत टपरीवर चहा घ्यावा.